‘पोट्ट्यायसमोर हे कायले?’

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. धान कापणीला आलेलं असतं नाहीतर कापून बांधीत आडवं पडलेलं असतं. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं. आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेवर, जिलेबी, भजी, शिंगाडे, बांगड्या, प्लास्टिकच्या शिट्ट्या यांची दुकानं लागतात. गाव मोठं असलं तर आकाशपाळणाही. दुपारी दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्यं, रात्री मंडपात झाडीपट्टीचं नाटक. आजीपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळं घर तिथं असतं. उपवर पोरापोरींच्या सोयरिकीच्या गोष्टीही इथंच निघतात. भंडाऱ्यात मोठं थीम पार्क नाही. पण सहकुटुंब करमणुकीची जागा म्हणजे काय, हे मंडई पाहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

खडी गंमतीत शाहिरानं टीप धरली, ढोलकीनं ताल पकडला की लुगडं नेसलेला नाच्या पुढं येतो. पायांत घुंगरू, ओठ रंगवलेले, दाढीची हिरवट छटा पावडरीखाली झाकलेली. पुढच्या रांगेतली पोट्टी खिदळतात. एखादा आजोबा उठून दहाची नोट पुढं करतो आणि माइकवरून पुकारा होतो : अमुक गावचे अमुक यांच्याकडून दहा रुपये बक्षीस. देणाऱ्याचं नाव, गाव, कधी वडिलांचंही नाव घेतलं जातं. ज्याला नोट मिळाली त्याचं नाव बहुधा घेतलं जात नाही. तो फक्त नाच्या.

हे चित्र डोळ्यांपुढं ठेवून एका वादाचा आढावा घ्यायचा आहे. वाद दूरचा वाटतो : अमेरिकेतल्या, युरोपातल्या कौटुंबिक थीम पार्कांमध्ये समलिंगी आणि ट्रान्स माणसांचे प्राइड सोहळे व्हावेत की नाहीत? पण त्याचा गाभा एका प्रश्नात आहे आणि तो प्रश्न भंडाऱ्याच्या पारावरही तसाच्या तसा ऐकू येतो : ‘पोट्ट्यायसमोर हे कायले?’ मुलांसमोर हे कशाला?

लाल सदऱ्यांचा शनिवार

या वादाचं सगळ्यांत गाजलेलं गाव फ्लोरिडातलं ऑर्लँडो. १९९१ च्या जून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सुमारे तीन हजार समलिंगी स्त्री-पुरुष ठरवून डिस्ने वर्ल्डला गेले. एकमेकांना ओळखता यावं म्हणून सगळ्यांनी लाल सदरे घातले होते. मिरवणूक नव्हती, व्यासपीठ नव्हतं, कंपनीचं निमंत्रणही नव्हतं. तिकीट काढून आत जायचं, पाळण्यांत बसायचं, आइस्क्रीम खायचं आणि गर्दीत लाल रंग दिसू द्यायचा, एवढाच कार्यक्रम. पुढं तो ‘गे डेज’ या नावानं दरवर्षीचा झाला आणि हजारोंचा झाला.

लाल सदऱ्यांआधीही एक घटना घडली होती. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये दोन तरुण मुलगे एकमेकांबरोबर नाचले, म्हणून सुरक्षारक्षकांनी त्यांना बाहेर काढलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८४ मध्ये निकाल पार्कच्या विरोधात लागला. म्हणजे वादाची सुरुवात प्राइडच्या सप्तरंगी झेंड्यापासून नाही, दोघांच्या नाचापासून झाली.

विरोधही झाला. १९९७ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बलाढ्य ख्रिस्ती संघटनेनं डिस्नेवर बहिष्कार पुकारला. तो आठ वर्षं चालला आणि २००५ मध्ये मागं घेतला गेला. तोवर कंपनीची भूमिका सावध होती : येणाऱ्याला अडवायचं नाही, पण सोहळा आपला म्हणायचा नाही. २०१९ मध्ये पॅरिसच्या डिस्नेलँडनं पहिल्यांदा अधिकृत प्राइड सोहळा केला. कॅलिफोर्नियातल्या पार्कनं २०२३ च्या जूनमध्ये ‘प्राइड नाइट’ भरवली, पण रोजची वेळ संपल्यावर आणि वेगळ्या तिकिटानं. याच सुमारास फ्लोरिडात वादळ उठलं. २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं लहान वर्गांत लैंगिक अभिमुखतेविषयी शिकवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. डिस्नेनं उशिरा का होईना विरोध केला, तेव्हा राज्यपाल रॉन डिसँटिस यांच्या सरकारनं पार्कच्या परिसराचा १९६७ पासून चालत आलेला स्वतंत्र कारभार कंपनीच्या हातून काढून आपल्या मंडळाकडे घेतला. २०२४ च्या मार्चमध्ये तडजोड झाली.

या इतिहासात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि वाद घालताना त्या एकाच टोपलीत टाकल्या जातात. पहिली, माणसं स्वतःच्या पैशानं तिकीट काढून साध्या दिवशी आली. दुसरी, मालकानं त्यांच्यासाठी वेगळी रात्र ठेवली. तिसरी, मालकानं सगळ्या पार्कला सप्तरंगी तोरण बांधलं आणि त्या रंगाच्या टोप्या विकल्या. पहिलीत नागरिकाच्या वावराचा प्रश्न आहे, दुसरीत सोयीचा, तिसरीत धंद्याचा. ज्याला तिसरी खटकते त्यानं पहिलीवर बंदी मागू नये; आणि जो पहिलीसाठी लढतो त्यानं तिसरीची वकिली गळ्यात घेऊ नये. एवढं जरी पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

पंधरा माणसांपासून संविधान चौकापर्यंत

भारतात हा प्रवास पार्कातून नव्हे, रस्त्यावरून झाला. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधरा माणसं ‘फ्रेंडशिप वॉक’ म्हणून चालली. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, भारतीय दंडविधानातलं इंग्रजांनी आणलेलं कलम ३७७ लागू होतं. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानापासून पदयात्रा निघाली. ‘क्वीअर आझादी’ हे नावच सांगत होतं की ही मागणी कुठल्या परंपरेत बसवायची आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टनं डिसेंबर २०११ मध्ये पहिली पदयात्रा काढली. आणि नागपुरात सारथी ट्रस्टच्या पुढाकारानं २०१६ पासून ‘ऑरेंज सिटी’ प्राइड सुरू झाली. संत्रानगरीच्या संविधान चौकात सप्तरंगी झेंडा दिसू लागला.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. एसटीनं दीड-दोन तासांत पोचता येतं. जिल्ह्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी या पदयात्रेला जायचं म्हटलं तर घरी ‘कामासाठी चाललो’ एवढं सांगून जाते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. सुरुवातीच्या वर्षांत भारतातल्या बहुतेक पदयात्रांमध्ये मुखवटे घातलेली माणसं दिसत. स्वाभिमानाच्या यात्रेत तोंड का झाकता, असं विचारणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा : महानगरात भाड्याची खोली आणि अनोळखी शेजार असतो, साकोलीत, लाखांदुरात, मोहाडीत एक फोटो छापून आला की दुसऱ्या दिवशी चुलता, मामा, शाळेचे गुरुजी आणि किराणा दुकानदार यांना कळलेलं असतं.

तरीही विदर्भानं काही पावलं टाकली आहेत. यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्ये एका पुरुषानं आपल्या परदेशी जोडीदाराशी घरच्या-मित्रांच्या साक्षीनं लग्न लावलं. कलम ३७७ अजून जिवंत होतं. बातमी फुटली तसे पोलीस चौकशीला लागले. चारच वर्षांनी, २०२१ च्या अखेरीस, नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी एकमेकींच्या बोटात अंगठी घातली. नातेवाईक हजर होते, फोटो छापून आले आणि कुणी पोलीस चौकशीला आला नाही. मधल्या काळात समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असं ठरवणारा ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन गेला होता. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी म्हटलं की इतिहासानं या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. कुटुंबांचीही, हे त्यातलं महत्त्वाचं. कारण ‘कौटुंबिक जागा’ हा शब्द वापरताना आपण गृहीत धरतो की कुटुंब इकडे आणि ही माणसं तिकडे. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी घरात, भाऊबीजेच्या पाटावर बसलेली असतात.

आक्षेप, एकेक करून

पहिला आक्षेप : पाहून मुलं तशी होतील. हा सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि सगळ्यांत कमी टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. ‘बरं करण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पाहून माणूस बदलत असता तर आयुष्यभर स्त्री-पुरुषांचीच लग्नं, सिनेमे आणि संसार पाहत वाढलेली ही माणसं वेगळी झालीच नसती.

दुसरा आक्षेप जास्त विचारपूर्वक केलेला असतो : कोणत्या वयात काय सांगायचं ते आईबापांनी ठरवावं, सहलीला गेल्यावर पोराच्या प्रश्नानं अडचणीत का पडावं? या म्हणण्यात तथ्य आहे. मुलाला उत्तर देण्याचा पहिला हक्क घराचाच. पण उत्तर अवघड आहे, हे मात्र आपण उगाच धरून चालतो. चार वर्षांचं पोर लग्नात नवरा-नवरी पाहतं तेव्हा त्याला शय्यागृहाची गोष्ट कुणी सांगत नाही; ‘ते दोघं आता एका घरात राहणार’ एवढं सांगितलं की पोर जिलेबीकडे वळतं. दोन बायका हात धरून चालल्या तर तेवढंच उत्तर पुरतं. उलट शरीराबद्दल, स्पर्शाबद्दल घरात बोलायचंच नाही, या सवयीची किंमत मुलंच मोजतात. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये करावा लागला तो झेंड्यांमुळे नव्हे, मुलांवर होणाऱ्या अत्याचारांमुळे, आणि ते बहुधा ओळखीच्याच माणसांनी केलेले असतात.

शाळेच्या बाबतीतही हाच गोंधळ झाला. २०२१ मध्ये एनसीईआरटीनं ट्रान्स मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. ओरड झाली आणि ती लगेच संकेतस्थळावरून हटवली गेली. पुस्तिका शिक्षकांसाठी होती, पोरांसाठी नव्हती. पण ‘मुलांसमोर’ हा शब्द एकदा उच्चारला की पुढचं कुणी वाचत नाही.

तिसरा आक्षेप : ही पाश्चात्त्य थेरं आहेत. झेंडा पाश्चात्त्य आहे, ‘प्राइड’ हा शब्दही. माणसं मात्र इथलीच. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून, ज्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता, १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरोधात गेला, कर्वे यांना दंड झाला. वीस वर्षांनी, १९५४ मध्ये, तेच बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि इथंही हरले. त्यांचे पुतळे आज जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांनी हा विषय आपल्याकडचा नाही असं म्हणण्याआधी ते वकीलपत्र आठवावं. विजय तेंडुलकरांनी समलिंगी नायिकेचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आणलं, तेव्हा नागपुरात प्राइड नव्हती आणि ऑर्लँडोत लाल सदरेही नव्हते.

चौथा आक्षेप धंद्याचा आणि तो मला सगळ्यांत रास्त वाटतो. जून आला की कंपन्यांची बोधचिन्हं सप्तरंगी होतात, जुलैत धुतली जातात. २०२३ मध्ये अमेरिकेत एका ट्रान्स कलावंताला घेऊन जाहिरात केल्याबद्दल बड लाइट या बिअरवर बहिष्कार पडला आणि कंपनी लगेच गुळमुळीत बोलू लागली. टार्गेट या दुकानसाखळीनं धमक्यांनंतर काही प्राइड माल मागं घेतला. आपल्याकडे डाबरनं २०२१ मध्ये दोन बायकांच्या करवा चौथची जाहिरात केली. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईची भाषा केली आणि जाहिरात उतरली. धंदा वाऱ्याची दिशा पाहून पाठ फिरवतो. त्याच्या तोरणाला चळवळ समजणं ही दोन्ही बाजूंची चूक.

पाचवा आक्षेप : अंगप्रदर्शन, आरडाओरडा, हे सहकुटुंब पाहण्यासारखं नाही. इथं उत्तर सरळ आहे. अश्लील वर्तनाचा कायदा सगळ्यांना सारखा लागू आहे. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं जे चालतं, वरातीत दारू पिऊन जे नाच होतात, त्यांना जो नियम लावायचा तोच इथं. नियम वागण्याला लावायचा, माणसाच्या असण्याला नाही.

आतले वाद

बाहेरच्या आक्षेपांइतकेच महत्त्वाचे आहेत ते या समाजातले आपापसांतले वाद. बाहेरच्यांना ते ठाऊक नसतात, म्हणून सगळे ‘ते’ एकाच सुरात बोलतात असं वाटतं.

पुण्यात पदयात्रेत कपडे कसे असावेत यावरूनच जुंपली. खिरे यांची भूमिका होती की मध्यमवर्गीय मराठी घरांना बरोबर घ्यायचं असेल तर भडक वेष टाळावा, राजकीय घोषणा टाळाव्यात. दुसरी बाजू म्हणत होती, ज्यांना आयुष्यभर ‘नीट वाग’ म्हणून ऐकवलं त्यांना निदान या एका दिवशी तरी नियम सांगू नका. दोन्ही बाजूंना आपापला अनुभव होता. मुंबईत २०२० मध्ये वेगळाच प्रश्न उभा राहिला : नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनांच्या काळात पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी नाकारली, कार्यक्रम आझाद मैदानात झाला आणि तिथल्या घोषणांवरून पन्नासहून जास्त जणांवर गुन्हे दाखल झाले. आपली यात्रा फक्त आपल्याच प्रश्नाची की सगळ्यांच्या प्रश्नांची, हा वाद तेव्हापासून धुमसतो आहे.

तिसरा वाद वर्गाचा. मॉलमधल्या संध्याकाळीला, थीम पार्कच्या महागड्या तिकिटाला जाणारा तरुण वेगळा. गोंदिया-नागपूर मार्गावरच्या रेल्वेच्या डब्यात टाळी वाजवणारी तृतीयपंथी वेगळी. सोहळ्याचे फोटो पहिल्याचे निघतात, मार दुसरी खाते. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात पावणेपाच लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे एक्केचाळीस हजार माणसांची नोंद झाली. समलिंगी माणसांसाठी तर रकानाच नव्हता.

मातापित्यांचाही एक आवाज आता ऐकू येतो. मुंबईत २०१५ मध्ये पद्मा अय्यर यांनी आपला मुलगा हरीश याच्यासाठी वर पाहिजे अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. जातीचा उल्लेख होता म्हणून टीका झाली. ती योग्यच होती. पण त्या जाहिरातीनं एक गोष्ट केली. हा विषय रस्त्यावरून उचलून सोयरिकीच्या बैठकीत, म्हणजे भारतीय कुटुंबाच्या मधोमध, आणून ठेवला. आमच्या मंडईत जे चालतं तेच तिनं वर्तमानपत्रात केलं.

कायदा कुठवर येतो

समजा उद्या नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या एखाद्या वॉटर पार्कच्या दारात हा प्रश्न आला. कायदा काय म्हणतो?

ट्रान्स व्यक्तीला दारातून परत पाठवता येत नाही. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्कसंरक्षण कायदा लोकांसाठी खुल्या असलेल्या सोयी-सुविधांमध्ये भेदभाव करायला मनाई करतो. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालानं स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा अधिकार मान्य केला आणि सार्वजनिक ठिकाणी त्यांच्यासाठी स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं होतं. कपडे बदलण्याची खोली, लॉकर, स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा या रोजच्या गोष्टींपर्यंत हा निकाल फार थोड्या ठिकाणी पोचला आहे.

समलिंगी जोडप्याला मात्र खासगी पार्कविरुद्ध असं सरळ कवच नाही. २०१८ च्या निकालानं त्यांना गुन्हेगार ठरवणं थांबवलं. भेदभावविरोधी सर्वसाधारण कायदा झालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं लग्नाचा अधिकार मान्य केला नाही. २०२४ मध्ये केंद्रानं एवढं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना एका शिधापत्रिकेवर एक घर म्हणून धरता येईल आणि बँकेत संयुक्त खातं उघडायला आडकाठी नाही. म्हणजे रेशनच्या दुकानात हे कुटुंब आहे, पार्कच्या ‘फॅमिली पॅकेज’मध्ये आहे की नाही ते तिकीट फाडणारा ठरवणार.

अनेक वॉटर पार्कांमध्ये फक्त पुरुषांच्या गटाला प्रवेश नसतो. हेतू बायकांच्या सुरक्षेचा असतो आणि तो खोटा नाही. पण दोघे पुरुष जोडपं म्हणून आले तर ते या नियमात अडकतात. इथं कुणाचा द्वेष नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा माणूस आलाच नव्हता, इतकंच. बरीचशी अडचण अशीच असते.

भंडाऱ्यात काय?

आता परत आखरावर येऊ. भंडाऱ्यात प्राइड सोहळा व्हावा का? माझं उत्तर आहे : आज त्याची घाई नको. जिथं दहा माणसं उघडपणे येऊ शकत नाहीत तिथं झेंडा उभारला तर त्याखाली बाहेरचे लोक उभे राहतील आणि इथला पोट्टा गर्दीत मागं उभा राहून हसणाऱ्यांबरोबर हसेल, कारण न हसणं त्याला परवडत नाही.

पण म्हणून ‘पोट्ट्यायसमोर हे कायले?’ या प्रश्नाला मी मान देत नाही. कारण तो प्रश्न प्रामाणिक नाही. पोट्ट्यांसमोर हे शेकडो वर्षं चालू आहे. दंडारीत पुरुष राधा होतो, गौळण होतो. खडी गंमतीत नाच्या डोळे मारतो, शाहीर त्याच्याशी द्व्यर्थी बोलतो आणि पुढच्या रांगेतलं लेकरू टाळ्या पिटतं. घरात मुलगा झाला की तृतीयपंथी दारात येतात. आपण बारा दिवसांचं बाळ त्यांच्या मांडीवर देतो आणि आशीर्वाद घेतो. यापेक्षा जास्त ‘मुलांसमोर’ काय असतं? तेव्हा कुणी विचारत नाही.

इथं एक सावधगिरी हवी. नाच्या हा समलिंगी किंवा ट्रान्स असतो असं नाही. पुष्कळदा तो चार लेकरांचा बाप असतो, दिवसा धानाची रोवणी करतो, ही त्याची कला असते. बालगंधर्व स्त्रीभूमिकांत अजरामर झाले, त्याचा त्यांच्या घरातल्या आयुष्याशी संबंध जोडण्याचं कारण नाही. मुद्दा नाच्या कोण आहे हा नाही. मुद्दा आपण काय सहन करतो हा आहे. लिंगाची रेघ ओलांडलेली आपल्याला सहकुटुंब चालते, दोन अटींवर : ती हसण्यासाठी ओलांडलेली असावी, नाहीतर भीती आणि आशीर्वादापुरती. रंग पुसून तोच माणूस ‘मी असाच आहे, माझं नाव हे, मी तुमच्याच गावचा’ म्हणाला की मुलांची आठवण येते. प्राइडचं सगळं भांडण या वाक्यासाठी आहे.

आणि हे वाक्य ऐकून घेणं खेड्याला जमत नाही असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. नागपुरात २०१८ मध्ये तृतीयपंथी विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायदानाला बसल्या. त्यांच्यापुढं भांडणं घेऊन आलेल्या कुटुंबांनी पोरांचे डोळे झाकले नाहीत.

भंडाऱ्यात आणि आसपास नव्या सहकुटुंब जागा तयार होत आहेत. आंभोऱ्याला वैनगंगेवरचा केबलचा पूल २०२४ मध्ये खुला झाला आणि रविवारी तिथं मोबाइल वर करून उभ्या राहिलेल्या घरांची रीघ लागते. गोसेखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटन आकाराला येत आहे. उद्या इथं पाळणे येतील, वॉटर पार्क येईल, दारावर नियमांची पाटी लागेल. ती पाटी अजून लिहायची आहे, ही आपली सोय आहे. तिच्यावर चार ओळी पुरेत. तिकीट सगळ्यांना. दारू, छेडछाड आणि अश्लील वर्तन कुणालाच माफ नाही. कपडे बदलायला एक खोली अशी, जिच्या दारावर बाई-पुरुष लिहिलेलं नाही. ती ट्रान्स व्यक्तीच्या कामी येईल, अपंग आजीला नेणाऱ्या नातवाच्याही आणि लेकीला एकट्यानं घेऊन आलेल्या बापाच्याही. आणि कुणाला ‘फॅमिली’ म्हणायचं ते येणाऱ्यानं सांगायचं, दारवानानं नाही. एवढं झालं तर सप्तरंगी तोरणाची गरज उरणार नाही. आणि कुणी बांधलंच तर कुणाचं काही बिघडणार नाही.

मंडई कमिट्यांना मात्र पाटीची वाट पाहायची गरज नाही. या दिवाळीनंतर बक्षिसाचा पुकारा करताना देणाऱ्याच्या नावाबरोबर घेणाऱ्याचंही नाव आणि गाव माइकवरून सांगा. ते ठाऊक नसेल तर आधी त्याला विचारून घ्या.